लग्नपत्रिकांतले बोल्ट

माझ्या थोरल्या साडूंनी स्वतःचा जन्म सोडला, तर आयुष्यात एकही गोष्ट घाईने केलेली नाही. जन्म मात्र त्यांनी आठव्या महिन्यातच उरकून घेतला, आणि त्या एका उतावळेपणाचं प्रायश्चित्त म्हणून उरलेली सगळी कामं ते आजतागायत तिप्पट वेळ लावून करत आहेत, असं त्यांच्या बायकोचं, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचं मत आहे. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो आणि त्यांना दाजी. दाजी दाराला कुलूप लावतात ते बघायचं तर सवड काढून जावं लागतं. कुलूप लावायचं, तीनदा ओढायचं, दहा पावलं जायचं, परत यायचं, उघडायचं, कडी नीट बसली होती का ते बघायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी औंढ्याहून त्यांच्याकडे तासाभरासाठी गेलो होतो. माझ्या मोटारसायकलचा मागचा ब्रेक जरा सैल झाला होता, "दाजी, तेवढा आवळून देता का?" असं मी म्हणालो. ते वाक्य मी उच्चारलं शुक्रवारी संध्याकाळी. रविवारी दुपारी मी घरी पोचलो. मधल्या काळात त्यांनी मागचं चाक, पुढचं चाक, टाकी आणि सीट असं सगळं काढून अंगणात मांडलं होतं, आणि मी चिडून म्हणालो, "अहो, ब्रेक तेवढा सैल होता!" तेव्हा डोकंही वर न करता म्हणाले, "गुर्जी, सैलपणा एका जागी ऱ्हात न्हाई. पसरून ऱ्हातो."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून त्यांच्या तोंडी मी गुर्जी. ते स्वतः सातवीत शाळेतून उठले, पण इंजिनाच्या बाबतीत त्यांच्यापुढे बोलायची माझी छाती होत नाही. त्यांची सगळी निदानं कानावर. घराबाहेरून ट्रॅक्टर गेला की ते जेवताना हात थांबवून म्हणणार, "याचं दुसरं नोझल टपकून ऱ्हायलं." पिठाच्या गिरणीत, देवळातल्या पंख्याखाली, कुणाच्याही घरी फ्रिजजवळ, सगळीकडे त्यांची मान एका बाजूला कलती. माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला, शेवटची मंगलाष्टका चाललेली, लोकांच्या मुठीत अक्षता, आणि मांडवामागे जनरेटर. दाजींनी हातातल्या अक्षता शेजारच्याच्या हातात दिल्या आणि ते मांडवामागे निघून गेले. दुसऱ्या क्षणी जनरेटर बंद, माईक बंद, भटजींचा आवाज अर्ध्यावर तुटलेला. माझं लग्न कुणालाही ऐकू न जाता लागलं. नंतर ते मला भेटायला आले ते हात काळे करून. "भाडं देऊन दुसऱ्याचं जनरेटर आनलं म्हून काय झालं, त्याला बिनऑइलचं चालू द्याचं का?" आहेर म्हणून त्यांनी मला एक स्टीलचा डबा दिला, त्यावर आजही त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा आहे. माझ्या बायकोने तो घासून काढू दिलेला नाही.

त्यांची तिसरी खोड अशी की ते काहीही फेकत नाहीत. विशेषतः लग्नपत्रिका. "देवाचं नाव छापलेलं असतं, फेकावं कसं?" असं म्हणून गेल्या तीस वर्षांतल्या सगळ्या गावच्या, सगळ्या भावकीच्या पत्रिका पाकिटांसकट त्यांनी एका पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आहेत. आणि देवाचं नाव छापलेली वस्तू नुसती पडून राहू नये म्हणून ते तिचा उपयोग करतात. कुठलंही यंत्र खोललं की निघणारे बोल्ट, वायसर, खिळे ते त्या पाकिटांत भरतात आणि कुठला बोल्ट कुणाच्या लग्नात आहे ते मनात ठेवतात. चिठ्ठी लावत नाहीत. "सुमीच्या लग्नातले चार बोल्ट द्या," असं ते म्हणाले की आपण सुमीची पत्रिका शोधून काढायची. यात एकदाही चूक झालेली मी पाहिली नाही. चूक झाली ती माझी झाली, आणि ती सांगण्यासाठीच खरं तर मी हे लिहायला बसलो आहे.

धरण झालं तेव्हा दाजींचं गाव अलीकडच्या काठाला राहिलं आणि गावाची थोडी वस्ती, थोडी रानं पलीकडच्या काठाला. रस्त्याने गेलं तर दोन तासांचा वळसा, पाण्यावरून गेलं तर वीस मिनिटं. पूर्वी लोक डोंग्यातून जात. दाजींनी बारा वर्षांपूर्वी लोखंडी नाव बांधून घेतली, तिच्या पोटात एका विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन बसवलं, आणि तेव्हापासून दूधवाले, शाळेची मास्तरीण, हळदीची पोती आणि माहेरी निघालेल्या बाया या सगळ्यांची ने-आण त्यांच्याकडे आहे. दोन्ही काठांवर बाभळीला रुळाचा एकेक तुकडा टांगलेला. पलीकडच्या माणसाने तिकडचा तुकडा दगडाने वाजवला की इकडे दाजी उठणार. नुसते उठणार नाहीत, कोण वाजवतंय तेही सांगणार. "ताकवाली म्हातारी हाय. तिच्या हातात जोर न्हाई पर धीर बी न्हाई." नाव तिथे पोचली की बाभळीखाली खरोखर ताकवाली म्हातारी.

तर झालं असं. मे महिन्याच्या सुट्टीत माझ्याकडे माझे मुख्याध्यापक सहकुटुंब आले. नागनाथाचं दर्शन झालं, जेवणं झाली, आणि मला बढाई सुचली. माझे साडू नाव चालवतात, चला तुम्हाला धरणावर फिरवून आणतो. गावी गेलो तर दाजी विकलेल्या हळदीचे पैसे आणायला हिंगोलीच्या मोंढ्यात गेलेले. शहाण्या माणसाने परत फिरायला हवं होतं. मी आक्काकडून नावेच्या साखळीची किल्ली मागून घेतली. दाजींना ती चालवताना मी शंभरदा पाहिलं होतं, त्यात काय मोठंसं? आक्का म्हणालीसुद्धा, "त्यांना इचारलं का?" मी म्हणालो, "मी काय परका आहे?" परका नव्हतो, हेच खरं दुखणं.

या इंजिनाला थंड ठेवायला धरणाचंच पाणी लागतं. नावेच्या तळाला एक पितळी कॉक आहे. तो उघडला की पाणी इंजिनात फिरतं. दाजी तो रोज संध्याकाळी बंद करतात आणि सकाळी उघडतात. मी उघडला नाही. मुख्याध्यापकांना पक्षी दाखवत राहिलो. पंधरा मिनिटांनी रंग जळल्याचा वास आला, इंजिन जड चालू लागलं, त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "काही करपतंय का हो?" आणि मला कॉक आठवला. मी घाबरून वाकलो आणि तो पूर्ण उघडला. कडकडीत तापलेल्या लोखंडात धरणाचं थंड पाणी शिरलं. आतून चट्ट असा आवाज झाला. सातवीच्या वर्गाला दरवर्षी मी तापलेल्या काचेच्या पेल्याचा प्रयोग सांगतो, गार पाणी ओतलं की काय होतं ते. मुलं बरोबर उत्तर देतात. इंजिन निवलं, परत चालू झालं, आम्ही काठाला आलो. मी कॉक बंद केला, नाव होती तशी बांधली, किल्ली देवळीतल्या खिळ्याला लावली आणि कुणाला काही बोललो नाही. आक्का माहेरच्या माणसाची चुगली करणाऱ्यांतली नाही. फिरून आले, एवढंच तिला ठाऊक होतं, आणि दाजींनी विचारलं नाही म्हणून तिनेही ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर पाण्यात, अकरा माणसं नावेत असताना, इंजिन किंचाळून जाम झालं. कुणाला काही झालं नाही. वल्ही मारत, ओरडत, एकमेकांना शिव्या देत ती अकरा माणसं काठाला लागली. उतरताना ताकवाली म्हातारी दाजींना म्हणाली, "सकाळधरून त्ये दात खाऊन ऱ्हायलं व्हतं की रं. तुला काहून आयकू आलं न्हाई?" हे मला आक्काने फोनवर सांगितलं. मी तडक गेलो. सांगून टाकायचं असं ठरवूनच गेलो होतो. पण दाजी काठावर बसले होते, मान कललेली, बंद इंजिनाकडे. ते म्हणाले, "इंजिन एकाएकी बसत न्हाई गुर्जी. आधी बोलतं. मला आयकू आलं न्हाई." आणि मी, विज्ञानाचा शिक्षक, म्हणालो, "जुनंच होतं ना दाजी. नवीन बसवू. मी येतो मदतीला."

हिंगोलीहून दुसरं इंजिन आणलं, ताडपत्रीखाली काठावर ठेवलं. आता जुनं काढायचं. माझ्या हिशेबाने एका दिवसाचं काम. नऊ दिवस लागले. का ते सांगतो. एक तर ती नाव दाजींनी कणगीसारखी बांधली होती. आमच्याकडे घरात धान्याची कणगी विणतात आणि मग ती दारातून बाहेर निघत नाही, तसं त्यांनी आधी इंजिन पोटात ठेवलं आणि मग त्याच्यावर बायांना बसायला लोखंडी बाक जोडला. वरच्या झाकणाचं तोंड इंजिनापेक्षा दोन बोटं लहान राहिलं. "बाक कापून टाका," मी म्हणालो. "कापू कसा? मास्तरीणबाई पोटुशी असताना त्याच्यावर बसून शाळंला गेल्या. दोन लेकरं झाली त्यांना."   म्हणजे बाक तसाच ठेवून इंजिनच खोलत खोलत लहान करायचं ठरलं, एकेक बोल्ट, एकेका लग्नात.

आणि दुसरं म्हणजे पाणी. उन्हाळा, कालव्याला पाणी सुटलेलं, धरण रोज मागे सरत होतं. नाव काठाला उथळ पाण्यात उभी केली होती. दाजी रोज सकाळी पाण्याच्या कडेला एक काडी रोवत. पहिल्या दिवशीची काडी नावेच्या टोकाशी होती, तिसऱ्या दिवशी नाव अर्धी चिखलात. मी हात जोडून म्हणालो, "दाजी, अजून आठवडा लागला तर नाव रानात उभी राहील. पोळ्यापर्यंत तशीच. पलीकडच्यांनी काय करायचं?" ते नावेला टेकून समाधानाने म्हणाले, "बरं हाय की. हलत न्हाई. बराबर लेव्हलात बसली."

विहिरीतून मोटारी काढणारे कप्पीवाले चाचा तिसऱ्या दिवशी आले. चाचा आणि दाजींची चाळीस वर्षांची दोस्ती, आणि त्यातली एकोणचाळीस भांडणात गेलेली. चाचांनी नावेच्या दोन्ही बाजूंना पाय येतील अशी सागाच्या बल्ल्यांची तिकाटी उभी केली, तिला साखळीची कप्पी लावली आणि म्हणाले, "चल, बांध. मगरिबके पहले निकाल देता." म्हणजे दिवस मावळायच्या आत. दाजी म्हणाले, "थांबा. सायलेन्सर न्हाई काढला अजून." चाचा रोज सकाळी यायचे, कप्पीला तेल घालायचे, बाभळीखाली बसायचे आणि संध्याकाळी जायचे. पाचव्या दिवशी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्टर, ये इंजिन निकालना नहीं हो रा. ये बेटीकी बिदाई हो री. तुम कुछ बोलो ना. तुम तो पढेलिखे."

मी काय बोलणार होतो? मी त्या नऊ दिवसांत कुणाचं काही ऐकायच्या लायकीचा होतो, बोलायच्या नव्हे. दाजी नावेच्या पोटात पालथे पडून हात मागे करायचे आणि मी पाना द्यायचो. "चौदाचा." मी चौदाचा द्यायचो. "बापूच्या लग्नाचं पाकीट." मी बापूचं पाकीट द्यायचो. पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याचे बोल्ट बापूच्या लग्नात, डिझेल पाइपच्या चिमट्या त्यांच्या पुतणीच्या लग्नात, फाउंडेशनचे लांब बोल्ट पाकिटात मावेनात म्हणून सरपंचांच्या मुलाच्या मोठ्या पत्रिकेत. "ही पत्रिका पाठवली तवा मी म्हनलो व्हतो, येवढी मोठी काहून छापली? आता कळलं." एक बोल्ट निघाला की तो रॉकेलमध्ये धुवायचा, उन्हात बघायचा, आटे मोजायचे, आणि मग पाकिटात. जुन्या, भंगारात जायच्या इंजिनाचे बोल्ट! मी एकदा ओरडलोच, "दाजी, हे फेकायचंय ना?" ते म्हणाले, "मानूस बी जाळाचंच असतं की. आंघूळ घालत न्हाई का आपुन?" चाचा बाभळीखालून म्हणाले, "ये बात सही बोला." मला वाटलं, हे दोघे मिळून मला वेडं करणार. आणि हेही वाटलं, की मला वेडं व्हायचा हक्क नाही.

सहाव्या दिवशी इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, उघडलं. दाजींनी त्यावरून नख फिरवलं. मग मला बोलावून दाखवलं. केसासारखी बारीक चीर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "ही चीर अशी जात न्हाई," ते म्हणाले. "इंजिन बिनपाण्याचं चाललं. खूप तापलं. मंग एकदम पानी आलं." मी मान हलवली. माझ्या मानेला दुसरं काही येत नव्हतं. "म्हंजे मी कॉक उघडायचा इसरलो. मंग मधीच उघडला, आन त्ये बी इसरलो." ते जवळजवळ स्वतःशीच बोलत होते. "कान गेले तर चालवता येतं एखाद्या वेळी. ध्यान गेलं तर न्हाई. अकरा जन व्हते." संध्याकाळी आक्काने भाकरी थापताना मला सांगितलं, की ते चाचांना म्हणाले, आता नाव पलीकडच्या मासेवाल्यांना देऊन टाकायची. नवं इंजिन बसवून द्यायचं, दोन दिवस शिकवायचं आणि मोकळं व्हायचं. "बोलले न्हाईत मला काई," आक्का म्हणाली, "फकस्त नाव बंद हाय ठाव नसंल म्हून कोनी रुळाचा तुकडा वाजवला, तरी उठले न्हाईत आज. म्या जाऊन सांगितलं, कोनी बोलावून ऱ्हायलं म्हून." तव्यावरची भाकरी तिने उलटली, मग पुन्हा उलटली, दोन्ही बाजू भाजलेल्या असताना.

त्या दिवशीही मी बोललो नाही. सातव्या दिवशीही नाही, आठव्याही नाही. मी स्वतःला सांगत होतो, काम संपू दे, मग सांगू. मधेच सांगितलं तर हाती घेतलेलं काम बिघडेल. भित्र्या माणसाला कामाची काळजी फार असते.

नवव्या दिवशी सकाळी, शेवटी, इंजिन उचललं. हेड नाही, फ्लायव्हील नाही, चाळीस लग्नांत वाटलं गेलेलं ते नुसतं धड. चाचा साखळी ओढत होते, कड कड कड, आणि इंजिन झाकणातून एकेक बोट वर येत होतं. दाजी नावेत उभे राहून त्याला हाताने सावरत होते, मी बाहेरून दोर धरला होता. बाकाच्या कडेला ते घासेल असं वाटलं, घासलं नाही. मधे जेमतेम एक बोट जागा उरली. बाहेर आलं, हवेत लटकलं, हळूच फिरलं. दाजींनी त्याच्यावर तळहात ठेवला आणि ते म्हणाले, अगदी साध्या आवाजात, घरातल्या माणसाला म्हणावं तसं, "बारा वर्सं काई तकलीफ दिली न्हाईस. चूक माझी व्हती. माफ कर बा."

"दाजी, चूक माझी होती," मी म्हणालो.

माझा आवाज इतका मोठा निघाला की पाण्यावरचे बगळे उडाले. "मी नाव नेली होती. तुम्ही मोंढ्यात गेला होता तेव्हा. कॉक मी उघडला नाही. मग एकदम उघडला. तुम्ही काहीही विसरला नाही. मीच—" माझ्या हातातला दोर सुटत होता.

चाचांचे हात साखळीवर थांबले. "या अल्ला," ते म्हणाले. दाजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "चाचा, साखळी सोडू नका. गुर्जी, दोर आवळा. आन गप ऱ्हा. आदी ह्ये खाली घेऊ. मंग भांडू."

इंजिन खाली घ्यायला पाऊण तास लागला. दुसऱ्या कुणाला दहा मिनिटं लागली असती. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललेला माणूस पाऊण तास दोर धरून उभा राहिला आणि त्याचं खरं त्या इंजिनाबरोबर हवेत लटकत राहिलं. "जरा डावीकडं." मी डावीकडे. "टायर सरकवा खाली." मी टायर सरकवला. "असा न्हाई, आडवा." मी आडवा केला. इंजिन टायरांवर टेकलं, साखळी सोडली, ती गुंडाळली, बल्ल्या पाहिल्या. मग दाजींनी मातीने हात धुतले, पुन्हा साबणाने धुतले, चहा मागवला, सबंध चहा प्यायले, कप पालथा घातला आणि माझ्यासमोर बसून म्हणाले, "हां. सांगा आता. पयल्यापासून. काई सोडू नका."

मी सांगितलं. ते मधे विचारत होते, आणि मला अपेक्षित असलेलं काहीच विचारत नव्हते. किती वेळ चाललं? वास आधी आला का आवाज आधी बदलला? कॉक किती फिरवला, अर्धा का पुरा? चट्ट आवाज एकदा झाला का दोनदा? "एकदा," मी म्हणालो. त्यांनी समाधानाने मान हलवली. "एकच चीर हाय. बराबर." मग ते उठले, घराकडे तोंड करून ओरडले, "अगं ये! मी इसरलो नव्हतो! मी कॉक उघडला व्हता! ह्ये गुर्जींनी केलं!" इतक्या आनंदाने माझ्या पापाची दवंडी कुणी पिटली नसती. आक्का पिठाच्या हातांनी बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि पदराने डोळे पुसले तर तोंडाला पीठ लागलं.

मला वाटलं सुटलो. मग दाजी परत येऊन बसले, आणि आता आवाज खाली होता. "इंजिनाचं काई न्हाई गुर्जी. लोखंड हाय, जातं. पर नऊ दिस मी सोताला खाऊन ऱ्हायलो, आन तुमी मला पाने देत ऱ्हायले."   चाचा जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढूनही घेतला. दाजींनी पेटी उघडली आणि एक पिवळं पडलेलं पाकीट माझ्या मांडीवर टाकलं. वर गणपती, खाली माझं आणि माझ्या बायकोचं नाव. आत तो पितळी कॉक. नाव चिखलात बसली त्याच दिवशी काढून त्यांनी तो माझ्या लग्नात ठेवला होता, सहज, हाताला आलं ते पाकीट म्हणून. "ह्यो नव्या इंजिनाला लागनार हाय," ते म्हणाले. "घासा. उजळ झाला की सांगा." मी चिंच आणि राख घेऊन घासत बसलो. तीनदा दाखवला, तीनदा त्यांनी परत दिला.

नवं इंजिनही खोलूनच आत सोडावं लागलं, ते बसवायला पाच दिवस लागले. तोवर नाव पुरती रानात होती. दोन्ही काठांच्या वीसेक माणसांनी बांबूंवरून ढकलत, मला स्पष्ट ऐकू जातील अशा शिव्या देत ती पाण्यात नेली. मासेवाल्यांना द्यायचा विषय पुन्हा निघाला नाही. दाजी सुकाणूवर आहेत. कॉकवर त्यांनी लाल रंगाने माझं आडनाव लिहिलं आहे, आणि सकाळी तो उघडताना दोन्ही काठांची माणसं ते मोठ्याने वाचतात.

मी दर रविवारी जातो. सगळ्यांना वाटतं, शिक्षा भोगायला जातो. मीही तसंच सांगतो. पण त्या नऊ दिवसांतलं एक वाक्य मला सोडत नाही, ताकवालीचं. माझ्यामुळे इंजिन मेलं हे खरं, पण मेलं त्या दिवशी ते सकाळपासून दात खात होतं, सत्तरीच्या म्हातारीला मागच्या टोकाला बसून ऐकू येत होतं. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दाजींना नाही. माझ्या कबुलीने त्यांचं ध्यान त्यांना परत मिळालं आणि त्या आनंदात कानांचा हिशेब सगळेच विसरून गेले. मी विसरलो नाही. पूर्वी आवाज ऐकायला ते झाकण उघडं ठेवत, नव्या इंजिनाचं ठेवत नाहीत. त्यावर तळहात ठेवून चालवतात. विचारलं तर म्हणतात, "नवं हाय, ओळख करून घिऊन ऱ्हायलो." ट्रॅक्टर जातात, त्यांचा घास थांबत नाही. आक्काला दिसतं की नाही ठाऊक नाही. पण हल्ली ती मी यायच्या दिवशी भाकरी लवकर टाकते आणि म्हणते, "तुमी असले की मला बरं वाटतं, गुर्जी."

गेल्या रविवारी आम्ही दोघे बाभळीखाली बसलो होतो. पलीकडून रुळाचा तुकडा वाजला. वारा तिकडूनच येत होता, आवाज स्वच्छ आला. जोर नाही आणि धीरही नाही. दाजी कुणाच्या तरी पत्रिकेच्या पाठीवर नव्या पट्ट्याचं माप लिहीत होते. दुसऱ्यांदा वाजला. मी नुसता उठलो आणि धोतरावरची माती झटकावी तशी पँट झटकली. दाजींनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे.

"कोनीतरी वाजवून ऱ्हायलं," ते म्हणाले. "ताकवाली असंल. आयकू आलं न्हाई तुमाला?"

"नाही बा," मी म्हणालो. "चला, बघून तर येऊ."